शेजारची रेघ

विटा
१२ सप्टेंबर १९९८

प्रिय आकाराम,

आधी बातमी वाच, मग बाकीचं. मी ठणठणीत आहे. यकृतावर व्रण आहेत, पण थोडेच. औषध नाही, दारू बंद आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. हे कळलं त्या दिवशी विजयमालानं पुरण घातलं. मी आणखी एक पोळी मागितली तर म्हणाली, "लिवर चांगलं निघालं म्हणून पोटाशी वैर धरू नगा." लय दिवसांनी घरात असं हसणं झालं.

मदुराईचं सोनं गाळायचं दुकान तुझ्यावर टाकून मी कावीळ म्हणून गावी आलो, ते तुला ठाऊक आहेच. सांगलीच्या डॉक्टर स्वानंदीताईंनी रक्त तपासून सांगितलं की ही बी प्रकारची कावीळ आहे आणि ती आत मुक्काम ठोकून बसली आहे. यकृत किती खराब झालंय हे बघायला बरगड्यांमधून सुई घालून तुकडा काढावा लागेल. ते ऐकून मी चप्पल शोधू लागलो. मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. रक्तावरूनच व्रण ओळखता येतील का, याचा अभ्यास त्यांच्याकडे चालू आहे. जखम भरून काढताना यकृत आत धागे विणत असतं आणि त्यांचे बारीक अंश रक्तात उतरतात. ते मोजायचे. मी म्हटलं, मग सुई कशाला? त्या म्हणाल्या, "रक्त खरं बोलतंय का, हे आधी सुईला विचारून बघायला नको का?"

मला तिथेच हसू फुटलं. आपलं जन्माचं भांडण आठवलं. सोनं पारखायला तू कसोटीच्या दगडाचा, मी आटवायच्या मुशीचा. मी म्हणायचो, "दगडावर घासून काय कळतंय रं, आटवल्याबिगर?" आणि तू म्हणायचास, "बांगडी मोडून कस सांगायला अक्कल लागत न्हाई, गड्या." तू कसोटीवर गिऱ्हाइकाच्या सोन्याची रेघ ओढायचास, शेजारी आपल्या मुशीत पारखलेल्या सोन्याची, वर तेजाबाचा थेंब टाकायचास आणि बाई बांगडी हातात घालून घरी जायची. हे सगळं मी ताईंना सांगितलं. त्यांनी नर्सला हाक मारून मला पुन्हा सांगायला लावलं! मग माझं मलाच उमगलं की शेजारची रेघ ओढायची तर कुणाचं तरी सोनं आधी मुशीत गेलेलं असावं लागतं. मी पलंगावर आडवा झालो.

श्वास रोखायला सांगितला आणि कुणी कोपर मारावं तसा एक ठोसा बसला. झालं. संध्याकाळपर्यंत उजव्या कुशीवर पडून राहिलो. तुकडा बघितला, तर शेवईच्या तुटक्या काडीएवढा. एवढ्यासाठी मी चप्पल शोधत होतो! त्याच दिवशी हातातून रक्तही घेतलं. पुढे दोन्हींचे निकाल आले आणि दोन्हींनी एकच सांगितलं. सगळ्यांचं असं जुळत नाही, हे ताईंनी स्पष्ट सांगितलं. यकृत बरं असलं किंवा फारच बिघडलं असलं, तर रक्त खणखणीत बोलतं. मधल्या लोकांबाबत ते चाचरतं, तेव्हा सुईच लागते.

आता मुद्द्याचं. गेल्या दिवाळीत तू घरी आलास आणि स्वतःचा ताट-तांब्या वेगळा ठेवलास. मंगलवहिनी परवा विजयमालापाशी येऊन रडल्या. "वयनी, ह्यांना आता माज्या हातचं नगंसं झालंया," म्हणाल्या. त्यांना वाटतं, तुझं मन उडालं. मला मात्र लगेच कळलं, कारण इकडे आल्यावर मीही ताट वेगळंच केलं होतं. ताई हसल्या होत्या. हा रोग ताटातून जात नाही रे, रक्तातून जातो. तापाच्या साथीत आपण दोघांनी मदुराईच्या त्या गल्लीतल्या डॉक्टरकडे एकाच सुईनं इंजेक्शनं घेतली होती, आठवतं? तुझं रक्त तपासून झालंय आणि पोटातल्या सुईचं नाव ऐकून तू गप्प बसलायस. होय ना? वहिनींना मी काही बोललो नाही. ते तू सांगायचं, आणि लवकर सांगायचं, कारण त्यांचं आणि पोरांचं रक्त तपासून लस द्यायला हवी. दसऱ्याला ये. गावच्या पालख्यांच्या शर्यतीत खांदा द्यायची तुझी जागा मी कुणाला देऊ दिलेली नाही. दुसऱ्या दिवशी सांगलीला जाऊ, व्रण बघायला ताई तुझंही रक्त घ्यायला तयार आहेत. ते चाचरलंच तर सुईच्या वेळी मी उशाशी बसून थापा मारीन. ये गड्या. माझी रेघ ओढून झाली आहे, आता शेजारी तुझी ओढू.

तुझाच,
मुशीतून सुखरूप निघालेला लाला