नवसाच्या बोकडाचे डोळे

१ मार्च
रद्दीवाल्याच्या काट्यावर सोन्याला टांगला. एकतीस किलो. टांगताना माझ्या गुडघ्यावर लाथ. सूनबाई सुखरूप बाळंत झाली तर देवीला बोकड, हा आईचा नवस. नात झाली, छान आहे. आता चैत्रातल्या जत्रेला सोन्या जाणार. ठाकुर्लीत आमच्या गावठाणाला चारी बाजूंनी टॉवर, चरायला नेणार कुठे? म्हणून गहू, मका, उरलेल्या भाकऱ्या. अंग मात्र चकाकतंय.

८ मार्च, रवि.
नातीचं बारसं. मांडवात माणूस मावेना. आमच्यात नवसाच्या बोकडाला प्रत्येक पाहुणा ओंजळभर तांदूळ चारतो, नाहीतर मान राहत नाही. परात धरून मीच उभा. संपली की भरत होतो. तिसऱ्यांदा भरली तेव्हा सोन्या तोंड फिरवायला लागला. तरी धरून चारलं. मामी म्हणाली, "लाजतंय."

९ मार्च
पोट टम्म. आंबूस वासाची हगवण. रवंथ बंद, दात खातोय. रिक्षाने डोंबिवलीला डॉ.कडे. दवाखान्यात सगळी पट्टेवाली कुत्री, मध्ये आमचं ध्यान. डॉ. पोरगीच आहे, पण हात चांगला. सोड्याचं पाणी पाजलं. "काका, दाणा पूर्ण बंद. फक्त सुकं गवत."
आईला सांगितलं. "देवीचा बोकर हाय, त्याला उपाशी कनाला ठेवतंस?"

११ मार्च
कल्याणच्या तबेल्यातून गवताच्या पेंढ्या आणल्या. रवंथ थोडी सुरू. गवताखाली गहू सापडले. आईच. वेचून काढले.

१४ मार्च
सकाळी बघतो तर मान मागे टाकून आभाळाकडे बघत उभा. पाय फाकलेले. मग भिंतीवर डोकं आपटलं. आईने हळदकुंकू लावलं, "देवीन बोलावलाय त्याला." शेजारच्या बायका पाया पडून गेल्या. मी डॉ.ला व्हिडिओ पाठवला. पाच मिनिटांत फोन. "काका, देवी नाही, बी-वन कमी पडलंय. हे व्हिटॅमिन बकरीच्या पोटातले जंतूच बनवतात. तुम्ही तांदूळ कोंबलात, पोटात आंबलं, जंतूंची वाट लागली. आता मेंदूवर आलंय. लगेच घेऊन या."
इंजे. दिलं. पुढची घरी मीच टोचायची, कशी ते दाखवलं. जीव वाचेल, डोळ्यांचं सांगता येत नाही म्हणाली.
परात माझ्याच हातात होती.

१७ मार्च
मान सरळ. चालतो, पण दिसत नाही. बादलीला धडकतो आणि बादलीवरच रागावतो.
आईने ठरवलं. नवसाचा बोकड डोळ्याकानाने धड हवा. आंधळा राहिला तर देवीच्या नावाने सोडायचा, राहील दारात, दुसरा आणू. "डोले आलं त ह्योच."
ऐकून मला हलकं वाटलं. मग त्या हलकं वाटण्याचीच लाज वाटली.

२० मार्च
सिरिंज भरून थोडा वेळ नुसताच बसलो. नाही टोचलं तर कोणाला कळणार आहे?
टोचलं. पाय धरल्यावर तो आजकाल गप्प उभा राहतो. तसं उभं राहिल्यावर काय करणार माणूस.

२२ मार्च
शेवग्याची डहाळी लांबूनच धरली, आवाज न करता, वारा उलटा असताना. डावीकडे नेली, मान डावीकडे. उजवीकडे नेली, उजवीकडे. तीनदा करून बघितलं. दिसतंय.
जत्रा तीन दिवसांवर. आनंद झाला आणि त्याच क्षणी डहाळी पाठीमागे लपवली. मला तो हवा आहे. लिहून टाकलं एकदाचं.
डॉ.चा फोन दोनदा वाजला. उचलला नाही.
आईने विचारलं, "काय बगतंय का?"
म्हटलं, "नाय गं, अजून नाय."
तिच्याशी खोटं बोललो, तेही नातीच्या नवसावरून. दुपारी नातीचं अंग कोमट लागलं. सूनबाई म्हणाली लस दिलीय कालच, होतं असं. तरी तीनचार वेळा जाऊन कपाळाला हात लावून आलो.
उद्या सकाळी आई स्वतः त्याला बघणार म्हणते. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण असल्या गोष्टी तिला बरोबर दिसतात.