नीळ जास्त झालेली साडी

आई,

तुझी पांढरी साडी मी निळी करून ठेवली. ओरडू नकोस, आधी सगळं ऐकून घे. आणि साडी म्हणजे साधीसुधी नाही, तीच ती, बाबांच्या मिलमधली, बारीक काठाची, जी तू फक्त पौर्णिमेच्या वंदनेला आणि चौदा एप्रिलच्या जयंतीला नेसायचीस. बाकी वर्षभर ती ट्रंकेत कडुनिंबाच्या पाल्यात असायची. बाबा साचेखात्यात होते, मागावर, आणि हे कापड माझ्याच साच्यावर निघालंय असं छाती फुगवून सांगायचे. तू म्हणायचीस, "एवढे साचे धडधडतात तिथं, तुमचाच बरा ओळखू आला!" पण आम्हाला कुणाला त्या साडीला हात लावू द्यायची नाहीस. तू गेल्यावर बाकी काही नको, ही तेवढी द्या म्हणून मी ती मागून घेतली होती.

आता ती बाहेर का काढली, ते सांगते. तुझ्या नातीचं लग्न ठरलं. तू गेल्यानंतर झालेली ती, तुम्हा दोघींची कधी गाठ पडलीच नाही. पण काय सांगू तुला, पोरगी अशी वागते की तुझ्याच मांडीवर वाढली असं वाटावं. ऑफिसला जाताना स्टीलचा डबा, पाण्याची बाटली आणि वाटेत भाजी दिसली तर असावी म्हणून घडी घातलेली कापडी पिशवी. केसांना रिठे आणि शिकेकाई. कलिंगडाची साल मी टाकायला निघाले की धावत येते, आतल्या पांढऱ्या भागाची भाजी कर म्हणून. मी म्हटलं, "माझ्या आईची भाजी मलाच शिकवतेस होय गं?" तर म्हणते, "मग तू करायची का सोडलीस?" ती ह्या सगळ्याला सस्टेनेबल म्हणते, आणि मोबाईलवर तिच्यासारख्याच पोरी एकमेकींना चटण्या आणि गोधड्यांचे फोटो पाठवत असतात. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस.

मला आपली लालबागची खोली अजून जशीच्या तशी दिसते. तू मोरीशी बसलीयेस, राख आणि नारळाची शेंडी घेऊन टोप घासतेयस, चुलत्यांनी गावाहून पाठवलेलं सुक्या कोलंबीचं सोडं भिजत पडलंय, आणि दोडक्याच्या शिरा चटणीसाठी ताटलीत बाजूला काढून ठेवल्यात. मी शाळेतून आलेली, फणकाऱ्यात. तुझा एक विरलेला परकर दोरीवर बघून मी म्हणते, "आई, फेकून दे ना तो, मैत्रिणी बघतात." तू मान वर न करता विचारतेस, "फेकून दे म्हणजे कुठं फेकू? कचऱ्याची पेटी आपल्याच चाळीच्या दारात हाय ना गो? रोज तिच्याच अंगावरनं जाशील." तुझ्याकडे कापडाला मरण नव्हतंच. साडी विरली की तिचा फ्रॉक, फ्रॉक आखूड झाला की गोधडीत, गोधडी फाटली की पायपुसणं, आणि शेवटी मोरीतलं पोतेरं. जांभळ्या साडीचा तू मला शेजारच्या मावशीच्या मशीनवर फ्रॉक शिवला होतास, बाबांच्या जुन्या शर्टाची बटणं लावून. कुठून घेतला असं मुलींनी विचारलं तेव्हा मी ऐटीत सांगितलं, दादरहून. तू मागे उभी राहून ऐकत होतीस. मला वाटलं आता धपाटा बसणार, पण तू गालात हसत घरात निघून गेलीस, आणि संध्याकाळी बाबांना तीनतीनदा तीच गोष्ट सांगितलीस.

तर लग्न. पोरीने आधीच सांगून टाकलं, पत्रिका छापायच्या नाहीत, जेवण पानांच्या पत्रावळींवर, प्लास्टिकच्या बाटल्या दारात येता कामा नयेत, पाण्याला माठ. आमचे हे म्हणाले, "बरंय, मंडपवाल्याला आता माठ शोधत कुंभारवाड्यात पाठवा." आणि मग मुख्य मुद्दा. आपल्यात नवरी पांढऱ्यातच असते, पण लग्नाला नवी साडी घेणार नाही, आजीची नेसणार. मला तर केवढा आनंद झाला. पण त्यांच्या घरी हे सांगितल्यावर विहीणबाईंचं तोंड पडलं. एकुलता एक मुलगा त्यांचा. बिचाऱ्या बोलायला चांगल्या, तरी एवढं म्हणाल्याच, "ताई, जुनी तर जुनी. पण पांढरीशुभ्र दिसली पाहिजे हं. आमची माणसं कुजबुजतील, सुनेला साडी घेतली नाही म्हणून." मी छातीठोकपणे सांगितलं, काळजीच सोडा. घरी येऊन ट्रंक उघडली तर घड्यांच्या रेघांवर साडी पिवळी पडलेली, चहा सांडल्यासारखी. ती पांढरी झाली नाही तर विहीणबाई नवी घेणार, आणि नवी आली की तू लग्नातून गेलीस. मला तर तू तिथे हवी होतीस, आई. नातीच्या अंगावर का होईना, पण हवी होतीस.

म्हणून कपडे धुण्याच्या मशीनला हात लावला नाही. रिठ्याच्या पाण्यात भिजवली, हलक्या हाताने चोळली, पिवळेपणा बराच गेला. राहिलेला घालवायला तुझीच पद्धत, शेवटच्या पाण्यात नीळ. तू फडक्याच्या पुरचुंडीत नीळ बांधून पत्र्याच्या बादलीत फिरवायचीस आणि वरून पाण्याचा रंग बघायचीस, एवढंच मला माहीत. तसंच केलं. बाटलीतली नीळ घातली, पाणी बघितलं, फिकं वाटलं. आणखी घातली, तरी फिकं. म्हटलं आजकाल सगळ्यातच भेसळ, आणि दिली अजून ओतून. साडी बुडवली, पिळली, उघडली. आभाळ झालं होतं नुसतं! मग बादलीकडे लक्ष गेलं. प्लास्टिकची, निळीजर्द. तिच्यात पाणी किती निळं झालं ते कळणार कसं? पुन्हा धुतली, लिंबू पिळलं, पुन्हा धुतली, काही नाही. आमचे हे दारात येऊन बघून गेले आणि चहा करून आणून दिला. आता राहतो त्या टॉवरमध्ये बाहेर कपडे वाळत घालायला सोसायटीची बंदी, म्हणून हॉलमध्येच दोरी बांधून साडी टाकली आणि तिच्याखाली सोफ्यावर बसून मी ढसाढसा रडले.

संध्याकाळी तुझी नात आली. चप्पल काढता काढता वर बघितलं आणि थबकली. मी सगळं भडाभडा सांगितलं, बादली, बाटली, लिंबू, सगळं. तिने पहिलं काय विचारावं? "आई, पाणी किती घालवलंस?" मला हसू की रडू कळेना. मग तिने दोरीवरचा पदर ओढला, ओला तसाच खांद्यावर घेतला, आरशासमोर गेली. म्हणाली, "हीच नेसणार." मी म्हटलं, "अगं, विहीणबाई काय म्हणतील?" तर माझ्याकडे वळून म्हणते, "निळा तर आपल्या झेंड्याचा रंग, तो आपल्याला परका आहे का गं? आपल्या लग्नात कुणाला तो खुपणार?" आणि लगेच फोन लावला सासूबाईंना, स्पीकरवर. मी खुणा करत होते, थांब, उद्या बोलू, पण ऐकेल तर ना. तिने सरळ सांगून टाकलं, आईच्या हातून नीळ जास्त झाली. मी डोळे मिटून घेतले. आणि मग विहीणबाई अशा काही हसल्या की फोन फुटायचा! "अहो ताई, आमच्या सासूबाईंनी जयंतीच्या आदल्या दिवशी ह्यांच्या सदऱ्याचं हेच केलं होतं. हे तसेच गेले मिरवणुकीत, आणि लोक विचारतायत, सदरा कुठून शिवला! असू दे, छान दिसेल पोरीला." मला त्यांना फोनमधून मिठी मारावीशी वाटली.

लग्न आपल्या लालबागशेजारी परळलाच झालं, छोट्या हॉलमध्ये. सगळे पांढऱ्यात आणि मध्ये ही एकटी फिकट निळी, केसांत मोगरा, बाकी काही नाही. चाळीतली शिलाई मशीनवाली मावशी आली होती, आता काठी घेऊन चालते, दिसतंही कमी. पोरगी पाया पडायला वाकली तर मावशीने काठ बोटांत धरला, कुरवाळला आणि मोठ्याने म्हणाली, "ही तर तुझ्या आजीची! पण ही पांढरी होती ना? एवढी नीळ कुणी घातली मेली?" आख्खा हॉल हसला. मी लाजेने लाल, पण इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही. जेवण चांगलं झालं, पत्रावळी पुरल्या, माठही मिळाले, फक्त एक गळत होता.

हे सगळं लिहून काढायचं कारण वेगळंच आहे. आता हा कागद मी कुठे पाठवणार, तुझा पत्ता थोडाच आहे माझ्याकडे. पण दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही म्हणून लिहिते. लग्न लावायला आलेले भन्तेजी वंदना घेत होते, पोरगी हात जोडून बसली होती, सगळे म्हणतात तिच्या तोंडावर काय तेज होतं. मला विचारतात, तू तर समोरच होतीस, तुला कसं वाटलं? मी म्हणते, हो, फार छान दिसत होती. खरं सांगू? मी तिच्या तोंडाकडे बघितलंच नाही. ती वंदना संपेपर्यंत मी फक्त साडीकडे बघत होते. माझ्या लेकीच्या लग्नात, आई, मी तुझ्याकडेच बघत बसले होते.