पुढच्या रांगेसाठी

बाई, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली. मी आता मस्कतजवळ अल अमेरातला राहते. आज दिवसभर तुमचा एक तास आठवतो आहे. रत्नागिरीचं कॉलेज, एम.ए.चा वर्ग, मोजक्या मुली. तुम्ही चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधली प्रवचनं शिकवत होता, बायकांच्या अंत्यविधीला चर्चमध्ये दिलेली. प्रत्येक मेलेली बाई शीलवान, मितभाषी, नवऱ्याच्या शब्दाबाहेर न जाणारी. दुखणं सोसलं, तोंडातून शब्द काढला नाही. हा आदर्श आपल्यालाही जवळचा वाटतो, असं मी उत्तरात लिहिलं होतं. कागद परत देताना तुम्ही विचारलंत, "जिची एवढी स्तुती चाललीय तिला ऐकू येतंय का?" मी नाही म्हटलं. "मग कोणासाठी चाललीय?" उत्तरही तुम्हीच दिलंत, "पुढच्या बाकावर तिच्या मुली बसल्यात. त्यांच्यासाठी. बस खाली."

आमच्या खालच्या मजल्यावरची बाई गेल्या महिन्यात वारली. छातीत गाठ होती. डॉक्टरकडे पोचली तेव्हा फार उशीर झाला होता. नवरा मस्कतमधल्या गाला नावाच्या कारखान्यांच्या भागात एका गॅरेजात फोरमन, चिपळूणकडचा, सरळ माणूस. आम्ही दोघी शुक्रवारी अल मवालेहच्या बाजारात भाजीला जायचो. ती जड पिशवी कधी डाव्या हातात घेत नसे. एकदा मी म्हटलं, "डावा हात काय माहेरी ठेवून आलीस?" ती म्हणते, "हो ना. सासरी एकच पुरतो." आणि आम्ही दोघी कांद्यांच्या ढिगापाशी उभ्या राहून हसतो.

गावी दिवस करून नवरा आणि मुलगी परत आले. इथल्या आपल्या लोकांत शोकसभेला घरच्यांनी बोलायचं नसतं, शेजारपाजारचं कोणी चार शब्द लिहून वाचतं. मी साहित्य शिकलेली, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. विचारायला खाली गेले. तिचे यजमान म्हणाले, "वहिनी, लांबण नको. पण एक घालाच. तिनं कधी तक्रार केली नाही. आमचा अर्बाब, गॅरेजचा मालकसुद्धा म्हणाला, अशी बायको नशिबानं मिळते." त्यांचा फोन वाजला, ते गॅलरीत गेले. मुलगी चहा घेऊन आली. दहावीत आहे, मराठी चाचपडत बोलते. "आंटी, मम्मी बोलायची. मला बोलायची, इथे पेन होतंय. पप्पांना सांगू नको, टेन्शन घेतील. मी नाही सांगितलं." कप माझ्यापुढे ठेवला, कपाचा कान माझ्याकडे वळवला, आणि विचारलं, "आय वॉज गुड, ना?"

मी म्हटलं, तुझी चूक नाही, बाळा. तिनं चूक कुठे विचारली होती?

आज सभा झाली. मी ते वाक्य घातलं नाही. तिच्या थट्टा लिहिल्या, मोडक्या अरबीत भाजीवाल्याशी घातलेले वाद लिहिले, डाव्या हाताचं मात्र लिहवलं नाही. मुलगी पुढच्या रांगेत होती. ती एकदा हसली, आईसारखी, आवाज करून. लगेच तिनं तोंडावर हात ठेवला. मी वाचून खाली बसले. आता आवरलं असं वाटत असताना तिचे वडील उठले. रीत मोडून उठले. डोळे पुसले, म्हणाले, "वहिनींनी सगळं छान सांगितलं, पण एक राहिलं. माझ्या बायकोनं मरेपर्यंत तक्रार केली नाही." रडत म्हणाले. खरं मानून म्हणाले. सगळ्या हॉलनं मान डोलावली. मुलीनं तोंडावरचा हात काढला, मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून लिहिते. बाई, तिनं पाहिलं तेव्हा माझीही मान हलत होती.