बाराव्या मुलीची मिनिटं

ता. ३ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. भावजींचा गुडघा आता जिना चढू देतो, हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडे सगळं ठीक. कॉलेजच्या जिमखान्याचं छत एका कोपऱ्यात गळतं, म्हणून सरावाच्या वेळी डावीकडच्या बास्केटखाली बादली ठेवतो आणि मुली तिला वळसा घालून धावतात. विचारणाऱ्याला मी सांगतो, हे कोचचं नवीन तंत्र आहे.

काम असं की, विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघासाठी प्रत्येक कॉलेजकडून एकच नाव मागवलंय. पूर्वी वर्षभराच्या गुणांची बेरीज पाठवली की भागायचं. यंदा त्यांना मिनिटामागचे आकडे हवेत, म्हणजे कोण मैदानावर किती वेळ होती आणि तेवढ्या वेळात तिने काय केलं. माझ्या मते नाव आमच्या कॅप्टनचं, लांबूचंच जाणार. सामन्याला सरासरी अठरा गुण काढते ती. पण भागाकार म्हटला की मला अजून तुझी पट्टी आठवते. तू जन्मभर शाळेत गणित शिकवलंस, तेव्हा हे तूच करून दे. फोनवर मी सहाचे नऊ करीन, म्हणून आकडे लिहूनच पाठवतोय. महिनाअखेर नाव द्यायचंय.

कानउघाडणी करायची असली तर तीही पत्रातच कर. लोभ होता तसा राहू दे.

तुझा,
धाकटा


ता. ८ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

कागद मिळाला. अक्षर अजून कोंबडीचे पायच. गुण दिलेस, रिबाउंड दिलेस, फाउलसुद्धा दिलेस, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप ती मिनिटंच द्यायला विसरलास. आता भागू कशाने, माझ्या डोक्याने?

दुसरी गोष्ट. संघात बारा मुली असतात एवढं तुझ्याचमुळे मला ठाऊक झालंय. कागदावर अकराच आहेत. बारावी माझी भाची आहे, हे मी विसरले असेन अशी तुझी समजूत दिसते. ताकाला जाऊन भांडं लपवू नये. भिंगरीचे आकडे, मिनिटांसकट, उलट टपाली पाठव. कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे तिचं. पुढच्या वर्षी तिचं नाव पाठवायला तुला कुणी विचारणार नाही.

जेवणखाण वेळेवर कर आणि बहिणीचा राग फार मनावर घेऊ नकोस.

तुझी,
ताई


ता. १२ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मिनिटं सोबत आहेत, बाराही जणींची. लांबू सामन्याच्या चाळीसांपैकी सरासरी अडतीस मिनिटं खेळते. भिंगरी सहा.

ती का सहा, हे तू विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. आमचा घरातला करार तुला माहीत आहे. मैदानावर ती मला सर म्हणते, मी तिला नंबराने हाक मारतो, आणि खेळाचा विषय उंबऱ्याच्या आत आणायचा नाही. पहिल्या वर्षी मी तिला पहिल्याच सामन्यात सुरुवातीपासून उतरवलं होतं. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये एकजण चहा ढवळत म्हणाला की, आता संघ कोचच्या स्वयंपाकघरात निवडला जातो वाटतं. सगळे हसले, मीही हसलो. पण ते वाक्य असं लागलं की तेव्हापासून सामन्याचा निकाल इकडे किंवा तिकडे लागून गेला की मगच मी तिला उठवतो. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? तिने कधी तक्रार केली नाही. तू आकडे काढ, पण फार अपेक्षा धरू नकोस.

कृपा असू द्यावी आणि पट्टी लांब ठेवावी.

तुझा,
धाकटा


ता. १७ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

उभा आहेस का? मग बस. तुझी लांबू अडतीस मिनिटांत अठरा गुण काढते, म्हणजे मिनिटाला अर्धा गुण, तोही जेमतेम. भिंगरी सहा मिनिटांत चार काढते, म्हणजे मिनिटाला दोन तृतीयांश. रिबाउंडमध्येही तीच वर. मी तीनदा ताळा केला, तुझ्या भावजींकडूनही करवला. बाराही जणींत तुझी मुलगी पहिली आहे, आणि तू तिचं नाव कागदावर घ्यायला तयार नव्हतास. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय! नाव भिंगरीचं पाठव. कुणी काही बोललं तर माझा पत्ता दे.

या आनंदात पत्र लहान झालं, माया लहान झाली असं समजू नकोस.

तुझी,
ताई


ता. २० नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा भागाकार बरोबर आहे, पण त्यातून काढलेलं अनुमान चूक आहे. भिंगरी उतरते तेव्हा समोरच्या संघानेही आपल्या चांगल्या पाच जणी बसवलेल्या असतात. ती चार गुण काढते ते त्यांच्या नवशिक्या पोरींसमोर. वासरांत लंगडी गाय शहाणी! लांबूला मात्र अडतीस मिनिटं दोन-दोन जणी चिकटलेल्या असतात. शेवटच्या क्वार्टरमध्ये तिच्या तोंडाला फेस येतो, तरी ती अर्धा गुण सोडत नाही. तुझ्या कागदावर दोघींचं मिनिट सारखंच लांब आहे, मैदानावर नाही. या आकड्यावर मी मुलीचं नाव पाठवलं तर उद्या तिलाच मान खाली घालावी लागेल.

रागाने लिहिलंय. पण तुझ्यावर नाही रागावणार तर कुणावर? सांभाळून घे.

तुझा,
धाकटा


ता. २३ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं म्हणणं कबूल. मी आधी आत्या झाले आणि मग गणिताची बाई. मिनिटं किती एवढंच विचारलं, कसली ते विचारलं नाही. शाळेत एखाद्या पोराने असं उत्तर आणलं असतं तर मी वही फेकली असती.

पण मला एक सांग, वासरांत तिला बांधलं कोणी? तीन वर्षं तू तिला सोपी मिनिटं दिलीस, आणि आता म्हणतोस की तिची मिनिटं सोपी आहेत. ती लंगडी आहे की धडधाकट, हे तुला माहीत नाही, मला नाही आणि तिला बिचारीला तर मुळीच नाही. लोकांच्या बोलण्याची भीती तुझी आणि बाकावर बसायचं तिने, हा कुठला न्याय? मला फार वाईट वाटलं रे.

नाव द्यायच्या आत दोन सामने आहेत ना? दोन्हींत तिला पहिल्या शिट्टीपासून उतरव. घोडामैदान जवळच आहे. जो आकडा येईल तो मला कळव, आणि जिचा चांगला तिचं नाव पाठव. मग मी एक अक्षर बोलणार नाही.

आशीर्वाद दोघांनाही, तिला थोडा जास्त.

तुझी,
ताई


ता. ३० नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बाबांनी तुझी सगळी पत्रं माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले की यावेळचे आकडे तूच कळव. म्हणून हे लंगड्या गाईचं पत्र. चिडलेली नाही, मला हसूच आलं.

पहिल्या सामन्यात मी वीस मिनिटं खेळले, सहा गुण. दुसऱ्यात चोवीस मिनिटं, नऊ गुण. म्हणजे मिनिटाला एक तृतीयांश. लांबूचा याच दोन सामन्यांतला आकडा नेहमीसारखाच, अर्ध्याच्या आसपास. तिचं नाव आज गेलं. लिफाफा टपालपेटीत मीच टाकला.

आत्या, खरं सांगते, मला वाटत होतं की मीच सगळ्यांत चांगली असेन. बाकावर बसून असं वाटून घेणं फार सोपं असतं. पहिल्या दहा मिनिटांत माझ्या हातून तीनदा चेंडू गेला. मग पाय जड झाले. सहा मिनिटांत मला कधी दमच लागला नव्हता, त्यामुळे माझ्यात दम किती आहे तेच मला माहीत नव्हतं. तिसऱ्यांदा चेंडू गेला तेव्हा गॅलरीतून कुणीतरी मोठ्याने म्हणालं की कोचची मुलगी आहे, तिला कोण बसवणार! सगळ्या जिमखान्याला ऐकू गेलं. सरांनाही गेलं. त्यांचे कान लाल झालेले मला लांबूनही दिसले. ते उठले, बेंचकडे पाहिलं आणि परत खाली बसले. मला काढलं नाही त्यांनी. त्यानंतरच्या मिनिटात मी लांबूला पास दिला आणि तिने बास्केट केली. ते गुण माझ्या खात्यात धरत नाहीत, पण तुला सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

नाव गेल्यावर घरी येऊन रडले. बाबा दाराबाहेर बराच वेळ उभे होते, मग चहा ठेवायला गेले. तीन वर्षं मला बाबांनी बसवलं होतं, आणि बाबांशी खेळावर बोलायचं नाही असा करार, त्यामुळे भांडणार कुणाशी? या वेळी मला सरांनी निवडलं नाही. सरांशी भांडता येतं. चहा पिता पिता मी भांडले, आमच्याच स्वयंपाकघरात, आणि ते ऐकत बसले. शेवटी मीच त्यांना दम कसा वाढवायचा ते विचारलं. उद्यापासून सकाळी धावायचंय. वर्षाचे अजून पाच सामने उरलेत, आणि ते म्हणालेत की पाचही सामन्यांत मला सुरुवातीपासून उतरवतील.

मिनिटं यापुढे मी पाठवत जाईन. भाची म्हणून एका गुणाचाही फरक करू नकोस. माझा आकडा लहान आहे, पण आता तो माझा आहे.

लोभ मात्र भागाकार न करता पाठव.

तुझी,
भिंगरी