गारठ्यात तगणारी वेल

बाभुळगाव, मंगळवार

ढाणकी मुक्कामी वडीलधारे वामनदादा यांस घनश्यामचा साष्टांग नमस्कार. (जावई असून साळ्याच्या पाया पडतोय, यावरून इकडची हवा ओळखा.) तुमचे गुडघे बरे असतील. माझी तब्येत विचारू नका. थंडी हाडात उतरली आहे आणि चहा स्वतःच करावा लागतो. शीला फोन उचलत नाही, तुम्ही "कामात आहे" म्हणता, म्हणून हे पत्र.

मुद्दा असा, की कुंपणालगत पॉलिहाउस उभारलं, पण चारी बाजूंनी प्लास्टिक असूनही पहाटे आत बाहेरच्याइतकाच गारठा. काकडी लावली, ती आठवड्यात काळी पडली. कारल्यानं दोन पानं काढली आणि विचार बदलला. नर्सरीवाल्यानं "हे कशातबी जगते जी" म्हणून कृष्णकमळ दिलं, ते माझ्या दारात येईपर्यंत जगलं. मग कळलं, की द्राक्षवाले बागेत धूर करतात. मी आतच शेकोटी पेटवली. दुसऱ्या दिवशी उजाडताच गावातले अर्धे म्हातारे घोंगड्या घेऊन हजर! (गावात एवढी आडोशाची जागा दुसरी नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.) वेलींसाठी ताणलेल्या तारांवर त्यांनी मफलर वाळत घातले, हुरडा भाजला, ठिणगी उडाली आणि प्लास्टिकला परातीएवढं भोक पडलं. तांड्यावरचे धनसिंगकाका त्या भोकातून वर पाहत म्हणाले, "काकडीसाठी काहून मरून राह्यला बे? शीलानं लावलेला वाल होता न इथं, भर थंडीत शेंगा देत होता. तो कायले उपटला तू?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी लाकडं सारत बसलो. दादा, पॉलिहाउसचा पाइप सरळ जावा म्हणून तो वाल मी तिला न विचारता उपटला. ती भांडली नाही. पडलेल्या वेलीच्या शेंगा तोडून भाजी केली, मला वाढली आणि दुपारच्या एसटीनं तुमच्याकडे निघून आली. दीड महिना झाला. घर खायला उठतं.

तरी थंडीत तगेल अशी एखादी वेल सुचवावी.

आपला,
घनश्याम

ता. क. वेल तुम्ही सुचवू नका, तुम्हाला त्यातलं काही कळत नाही. शीलाला विचारा.

ता. क. (आणखी एक) खरं सांगतो, पॉलिहाउस रविवारीच उतरवून टाकलं. म्हातारे माझ्याशी बोलत नाहीत. शुक्रवारी दुपारी मी यवतमाळच्या स्टँडवर उभा राहीन. ती उतरली नाही, तर शनिवारीही येईन.