चवड्यावरचं पोलाद

चि. बोक्यास, म्हणजे माझ्या एकुलत्या एक मेहुण्यास, अनेक आशीर्वाद. (मी चारच वर्षांनी मोठा, पण तुझ्या ताईचा नवरा म्हणून आशीर्वाद द्यायचा हक्क मी सोडणार नाही.) गुडघे कसे आहेत? बेसबॉलमध्ये वीस वर्षं बॅटरच्या पाठीशी, होम प्लेटमागे उकिडवं बसलेल्या कॅचरला दुसरं काय विचारणार? आम्ही इथे बरे आहोत. ताईचा आवाज ठणठणीत आहे.

पत्रास कारण की, मी नवे बूट घेतले. प्लेटमागे उभं राहणाऱ्या पंचाचे, खास. जुन्यांनी मागच्या रविवारी सातव्या इनिंगमध्ये तोंड उघडलं आणि उरलेला सामना मी फटक फटक वाजत पार पाडला.

आपल्या वेळी असले बूट कुणाला ठाऊक होते? मी ओतशाळेतले कामाचे बूट घालून पंच म्हणून तुझ्या मागे उभा राहायचो. बोटांवर पोलादी टोपी, त्यामुळे आपल्याला काही होत नाही अशी खात्री. मग त्या दुपारी चेंडू बॅटला चाटून खाली आला, तू तो अडवायचा सोडून अंग चोरलंस (डोळ्यांत ऊन गेलं, असं तू अजून म्हणतोस) आणि तो टोपीच्या बरोब्बर मागे, नाडीच्या गाठीवर बसला. टोपी शाबूत, चवड्याचं हाड मोडलं. तू मला सायकलवर घालून तुमच्या घरी नेलंस. तुझी ताई शिवणयंत्रावरून उठली, पाय बघितला आणि म्हणाली, "बूट काढताना ओरडायचं असेल तर आत्ताच ओरडून घ्या." मी ओरडलो नाही. पुढे तीन महिने पाय शेकायच्या निमित्ताने तुमच्याकडे येत राहिलो. हाड सहा आठवड्यांतच जुळलं होतं, हे आता सांगायला हरकत नाही.

तर दुकान. दुकानदाराने तीन जोड काढले. पहिला हलका, पण नाडीवरचं झाकण अंगठ्याने दाबलं तरी वाकायचं. दुसऱ्यात पाय मावला, पण वाकल्यावर टोपीची कड बोटांत रुतली. (बूट ज्या अवस्थेत वापरायचे त्याच अवस्थेत बघावेत, हे दुकानदाराला पटवून मी एका खुर्चीमागे पाय फाकून, गुडघ्यांवर हात टेकून वाकलो होतो. खुर्चीत सपाता घालून बघणाऱ्या एक आजी होत्या. त्यांनी वळून पाहिलं आणि मुकाट्याने जागा बदलली.) तिसरा जोड बसला. मग मी खिशातून चेंडू काढून दुकानदाराला म्हटलं, खांद्याच्या उंचीवरून चवड्यावर टाका. तो बराच वेळ नाही म्हणत होता. एकदा तयार झाल्यावर मात्र त्याने टाकला नाही, हाणला. मला काही लागलं नाही. चेंडू उसळून खोक्यांच्या मनोऱ्यात घुसला, मनोरा आजींच्या पायाशी पसरला, आणि सवयीने माझे दोन्ही हात वर जाऊन तोंडातून "फाउल" निघालं. आजींनी मान डोलावून निकाल मान्य केला. खोकी मी पुन्हा रचून दिली. (ती दुकानदाराने नंतर परत रचली. नंबर चुकले म्हणे.)

घरी येऊन बूट घालून बसलो, तर मैदानावरची ती जाळी, तो गुणांचा पत्र्याचा फलक, सामन्यानंतर मिट, तो तुझा जाडजूड हातमोजा, उशाला घेऊन गवतावर पसरलेला तू, सगळं दिसायला लागलं. तेव्हा रविवार किती लांब असायचा, नाही?

तुझ्या हातून चेंडू सुटला म्हणून तुझा झालेला,
भाऊजी

ता. क. बूट हे निमित्त. दोन महिने झाले, मला चेंडू दिसत नाही. पिचरच्या हातातून सुटेपर्यंत दिसतो, मग धुकं, मग एकदम मिटमधला आवाज. हल्लीच्या कॅचरांच्या मिटच्या आवाजावरून काही कळत नाही. तुझ्या मिटात चेंडू कुठे बसला, ते मला डोळे मिटूनही कळायचं. येत्या रविवारी जुन्या खेळाडूंचा सामना आहे, माझा शेवटचा. तेवढा एक माझ्यापुढे येऊन बस. ताईला कळू देऊ नकोस.

आणखी ता. क. बोक्या, मी ताई. पत्ता लिहायला पाकीट माझ्याकडेच दिलंय, आणि तेही उघडं. मला सगळं ठाऊक आहे. चहा कपाच्या शेजारी ओततात, मी पुसून घेते. शेवटचा सामना वगैरे काही नाही, सोमवारी सकाळी मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरवलंय. त्यांना सामना संपल्यावर सांगेन, आधी सांगितलं तर खेळात मन लागणार नाही. तू रविवारी ये, पण लगेच निघू नकोस. दवाखान्याच्या पायऱ्या चढताना ते माझा हात धरायचे नाहीत. तुझा धरतील.