बोचक्यातली कात्री

२२ सप्टेंबर, घटस्थापना
दुपारी फोन. "बाई, ओळखलंत का? वंदना. दिव्याहून यायचे ती." हातातली वाटी खाली ठेवली. घोडबंदर रोडला शिवणक्लास काढतेय. दसऱ्याला उद्घाटन, पहिलं कापड मी कापायचं म्हणे. हो म्हटलं. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?
सून विचारत होती, आई, चेहरा का उतरला. म्हटलं, उपास.

२३ सप्टें.
लिहूनच टाकते. कोपरच्या माझ्या क्लासात वं. सगळ्यांत हुशार. मी तरी कुठे शिकलेली, जुने ब्लाऊज उसवून उसवून कटिंग जमवलेलं. तिला एकदा दाखवलं की पुरे. एका खंडेनवमीला पूजेसाठी कात्री काढायला गेले, तर नाही. पितळी मुठीची, मोठी. आदल्या संध्याकाळी वं.च्याच हातात होती. चोर म्हटलं नाही. सगळ्या मुलींसमोर एवढंच, "उद्यापासून येऊ नकोस." तिने मशीनवर कव्हर घातलं आणि गेली.
तीन वर्षांनी माळा आवरताना एक बोचकं. कापलेला ब्लाऊज अस्तरात गुंडाळून चिंधीने बांधलेला, गिऱ्हाईक न्यायला आलंच नव्हतं. आत कात्री. गाठ माझी, दुहेरी, डावीकडे वळवलेली. काखेत कळसा.
हे होते तेव्हा. म्हणाले, आता उकरून काय मिळणार. मलाही तेच हवं होतं. दिवा एक स्टेशन. गेले नाही.

२७ सप्टें.
वं. घरी आली. केस पांढरे व्हायला लागलेत पोरीचे. पाया पडली, मी पाय मागे घेतले. नौपाड्यातून साडी आणलेली. आज सांगायचंच असं ठरवलं होतं. तोंड उघडणार तेवढ्यात तीच म्हणाली, "तुम्ही मला चोर म्हणाला नाहीत, बाई. दुसऱ्या कुणी पोलीस आणले असते. कात्री दादाने विकली. मला न्यायला यायचा ना, तेव्हा प्यायचा."
दादा नाही म्हणत राहिला. आईच्या गळ्याची शपथ घेतली. बापाने घराबाहेर काढलं. आता कळव्याला रिक्षा चालवतो. वीस वर्षं भाऊबीज नाही. आणि ही इतकी वर्षं मला भेटायला आली नाही, का, तर भावाने बाईंची कात्री नेली याची लाज.
मी काय बोलले? "चहा घे, गार होतोय."

२९ सप्टें.
वं.ला दोनदा फोन लावला. एकदा बिझी. एकदा उचलला, तर विचारलं काय, दसऱ्याला किती वाजता यायचं.
सुनेला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं तिने. मग भाजी निवडता निवडता, "म्हणजे मान तुम्ही घ्यायचा आणि मार त्याने खायचा." लागलं. खरं म्हणून लागलं.
चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथे चोरच नव्हता, आणि सुळावर दोघं.

१ ऑक्टो., खंडेनवमी
कात्री पूजेला मांडली. दरवर्षी मांडते, हळदकुंकू वाहते, तिच्याकडे बघत मात्र नाही. आज बघितलं. त्याच जुन्या अस्तरात गुंडाळली. तीच गाठ. पिशवीत.

२ ऑक्टो., दसरा
संध्याकाळी परत आले.
घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास पिशवी मांडीवर. क्लास छान. वीस-पंचवीस मुली. वं. सांगत होती, या बाईंनी मला शिकवलं आणि माझी अब्रूही राखली. नवी कात्री टेबलावर ठेवली, हातात नाही दिली. हातात दिली तर भांडण होतं, मीच शिकवलेलं.
ती बाजूला सारून बोचकं ठेवलं. म्हटलं, आधी हे सोड. तेव्हाही सगळ्यांसमोर बोलले होते.
गाठ बघून हसली. "बाई, अजून तशीच?"
पितळी मूठ दिसली.
सांगितलं. कुठे, कधी, किती वर्षं गप्प. दादाने काही केलं नव्हतं, हे दोनदा सांगितलं.
वं. रडली नाही, भांडली नाही. कात्री परत गुंडाळली, गाठ मारली, पर्समध्ये घातली. "बसा बाई," म्हणाली आणि जिना उतरली. मुलींनी सरबत दिलं. तासभर वाट बघितली. मग सून न्यायला आली.

३ ऑक्टो.
फोन नाही. सून म्हणते, तुम्ही लावा. मी म्हटलं, माझं बोलून झालं, आता पाळी तिची.
भाऊबीज वीस दिवसांवर.
ते कापड टेबलावरच राहिलं, खडूच्या खुणा केलेलं. कुणी कापलं की नाही, कोण जाणे.